वीतभर उचल

रस्त्याच्या अलीकडे आत्याचं क्रेन यार्ड, पलीकडे समोरच्यांचं. समोरच्यांना रीतसर नाव होतं, त्यांच्या फाटकावर ते हातभर अक्षरांत रंगवलेलंही होतं. पण आत्याच्या ऑफिसात ते कुणी उच्चारत नसे. नाव घेतलं की माणूस वजनदार होतो, आणि फुकटचं वजन आपण उचलत नाही, असं आत्याचं म्हणणं. तेव्हा समोरच्यांनी भाडं पाडलं, समोरच्यांना खोकला झालाय, समोरच्यांनी नवा दोर घेतला, अशा बातम्या यायच्या आणि आत्या त्या मनात जमेच्या किंवा खर्चाच्या बाजूला लिहून टाकायची. खोकला जमेला, नवा दोर खर्चाला.

आत्या खरी फक्त एका भाचीची. पण चालक, फिटर, चहा आणणारा, झालंच तर करखात्याचा माणूस, सगळे तिला आत्याच म्हणत. पाठीमागे मात्र तिचं नाव होतं 'थांबा'. कारण कुणी काहीही विचारलं तरी तिच्या तोंडून पहिला शब्द तोच निघायचा. पगार वाढवा म्हटलं तर थांबा, नवीन टायर घ्या म्हटलं तर थांबा, जेवायला चला म्हटलं तरी थांबा.

याचं मूळ धंद्यात होतं. क्रेनच्या कामात एक रीत आहे. कुठलंही वजन उचलायचं, तर आधी वीतभर. जमिनीपासून वीतभर वर घ्यायचं आणि तिथेच धरायचं. दोर बघायचा, क्रेनचे पाय बघायचे, कान देऊन आवाज ऐकायचा, आणि पुन्हा खाली ठेवायचं. मग खरी उचल. ही रीत आत्याने साऱ्या आयुष्याला लावली होती. चपलांच्या दुकानातसुद्धा ती जोड पायात घालून चार पावलं चालायची, काढून ठेवायची, घरी यायची, आणि मनात बसला तरच पुन्हा जायची. तिचं लग्नही असंच वीतभर उचलून खाली ठेवलं गेलं, असं यार्डात म्हणत. अर्थात तिच्या देखत नाही.

आणि या रीतीला साथ होती बँकेची. मोठ्या यंत्राचा सौदा ठरला, हात मिळवले, बँकेला पैसे पाठवायला सांगितलं, की ते पलीकडच्या खात्यात उगवायला तीन दिवस लागत. या बँकेने त्या बँकेला विचारायचं, तिने तिसऱ्याच कुणाला, मग सगळ्यांनी आपापली वही जुळवायची. लोक त्या तीन दिवसांना शिव्या घालतात. आत्याने त्यांच्यावर धंदा उभा केला होता. पहिल्या दिवशी यंत्र उघडून बघायचं, दुसऱ्या दिवशी तोंड वाकडं करायचं, तिसऱ्या दिवशी फोन करून म्हणायचं, "अहो, मन घेत नाही." समोरचा घाबरून भाव उतरवायचा. समोरचेही, म्हणजे रस्त्यापलीकडचे, काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांचीही त्या तीन दिवसांत वेगळी शेती होती. सौद्याच्या दिवशी यंत्रावर जी मोटर दिसे ती पोहोचवायच्या दिवशी असेलच, असं काही नव्हतं.

या जुन्या, मुरलेल्या संसारात भाची आली, ती शेअर बाजाराची नोकरी सोडून. तिथे ती झालेले सौदे मिटवणाऱ्या विभागात होती. सौदा डोळ्यांसमोर झालेला, आणि पैसे नि शेअर एकमेकांच्या हाती पडेपर्यंत मधल्या कुणाकुणाची मनधरणी करत बसायचं, याला कंटाळून ती म्हणायची, की लग्न लागल्यावर वऱ्हाडाने तीन दिवस मंडपातच उभं राहायचं, असला हा प्रकार आहे. यार्डात येऊन आठवडा झाला नाही तोच तिचं नाव 'घाई' पडलं. थांबा आणि घाई एका टेबलाशी बसू लागल्या, तेव्हा चालकांनी पैजा लावल्या.

पैज भाचीने जिंकली, ती छोटीमुळे. छोटी म्हणजे आत्याची एकुलती एक चालती क्रेन. टायर संपलेले, इंजिन दमेकरी, आणि दुरुस्तीला पैसा नाही. भाची म्हणाली, हिचे दहा हजार तुकडे करू आणि विकू. आत्याच्या हातातला चहा हातातच राहिला. करवत कुठून आणणार आहेस, असं तिने गंभीरपणे विचारलं.

भाचीने समजावलं. क्रेन आहे तिथेच राहते, तुकडे होतात ते मालकीचे. एकेका तुकड्याचं एकेक टोकन, आणि ते लिहिलेलं एका सामाईक वहीत. त्या वहीची प्रत ठिकठिकाणच्या संगणकांवर एकाच वेळी लिहिली जाते, एक पान दुसऱ्याला साखळीसारखं अडकवलेलं, त्यामुळे मागचं पान कुणाला गुपचूप बदलता येत नाही. आत्याला बाकीचं अर्धवट कळलं, पण मागचं पान बदलता येत नाही हे ऐकून तिला थोडं वाईट वाटलं.

तुकडे मात्र गरम भज्यांसारखे खपले. शिंप्याने घेतले, शाळेतल्या गाण्याच्या बाईंनी घेतले, बसच्या कंडक्टरने बायकोच्या नावावर घेतले. छोटीला नवे टायर लागले, ती पुन्हा भिंती आणि पाण्याच्या टाक्या उचलू लागली, आणि संध्याकाळी भाड्यातला वाटा ज्याच्या त्याच्या फोनात टुण्‌कन वाजू लागला. मग लोक यार्डाच्या कुंपणाशी येऊन आपली क्रेन बघू लागले. त्यात दंतवैद्य सर्वांत चिकट. आपला तुकडा नेमका कुठला, हे त्यांना कळायलाच हवं होतं. तसं नसतं हो, असं सांगून भाची दमली आणि शेवटी म्हणाली, हुकावरचा तो बोल्ट तुमचा. दंतवैद्य खूश झाले. त्यानंतर ते आठवड्यातून एकदा येऊन बोल्टाची चौकशी करत.

पण भिंती आणि टाक्यांवर यार्ड जगणार नव्हतं, हे आत्याला भाचीपेक्षा आधी कळलं होतं. नदीवर पूल होणार होता. त्याच्या तुळया उचलायला पट्ट्यांवर चालणारी मोठी क्रेन हवी होती, आणि तशी क्रेन पंचक्रोशीत एकच, समोरच्यांच्या यार्डात. सगळे तिला थोरली म्हणत. समोरच्यांना आता धंदा आवरायचा होता. शहरातल्या एका बड्या कंपनीने थोरलीसाठी बोली लावली होती आणि त्यांचे पैसे बँकेत वाटेवर होते. समोरच्यांनी जाहीरच केलं होतं, की ज्याचा पैसा आधी माझ्या हातात, त्याची क्रेन. पुलाच्या इंजिनिअर बाईंचं म्हणणं त्याहून सरळ. आज संध्याकाळी कचेरी बंद व्हायच्या आत थोरली ज्याच्या नावावर आणि चालू हालतीत दिसेल, त्याला पुलाचं काम. ते काम बड्या कंपनीकडे गेलं असतं, तर आत्याने छोटीतला उरलेला आपला वाटाही विकून फाटकाला कुलूप घालायचं, हे ठरलेलं होतं. चारही चालकांना ते ठाऊक होतं. कुणी बोलत नव्हतं एवढंच.

म्हणून भाचीने थोरलीचेही तुकडे विकायला काढले. सकाळपासून ऑफिसातल्या मोठ्या पडद्यावर एक पेटी भरत होती आणि आकडा वर चढत होता. भाचीने आत्याला पुन्हा एकदा सांगितलं. या पेटीत लोकांचे पैसे, शेजारच्या पेटीत समोरच्यांनी ठेवलेलं क्रेनच्या मालकीचं टोकन. अवजड यंत्रांची मालकी गेल्या वर्षापासून नोंदणी कार्यालयानेच या वहीत आणली होती, तेव्हा टोकन हललं की मालक हलला. दोन्हीकडून 'मान्य' आलं की अदलाबदल, मध्ये कुणी नाही.

"आणि एकाने हात आखडला तर?" आत्याने विचारलं.

"दोन क्रेननी एक तुळई उचलतो तेव्हा काय करतो आपण?"

"दोघी एकदम, नाहीतर कुणीच नाही. एकीनेच उचललं तर तुळई तिरकी होऊन दोघींना घेऊन पडेल."

"तेच. पैसा आणि क्रेन एकदम उचलले जातात. नाहीतर दोन्ही जागेवर."

हे आत्याला इतकं पटलं की तिने दुसरा चहा मागवला. एक गोष्ट मात्र तिला टोचत होती. समोरच्यांचं 'मान्य' सकाळी यार्ड उघडायच्या आधीच येऊन पडलं होतं. इतक्या लवकर समोरचे शिंकसुद्धा देत नसत. पाणी कुठेतरी मुरत होतं. त्यात थोरलीच्या रिंगेची गोष्ट. क्रेनचं वरचं धड ज्या दातेरी चकतीवर गरगरा फिरतं ती रिंग. तिला तडा आहे, हे आत्याने एका नव्हे, तीन वेगवेगळ्या माणसांकडून ऐकलं होतं. तिने ठरवलं होतं, सौदा करायचा, आणि मग नेहमीसारखं जाऊन रिंग बघायची. तेवढा वेळ असतोच की.

भाचीने हे ऐकलं असतं तर तिथेच अडवलं असतं. पण आत्या ते बोलली नाही. तिच्या दृष्टीने ते सांगण्यासारखं नव्हतंच; श्वास घेणार आहे, असं कुणी सांगतं का?

आणखी एक घोळ भाचीकडूनच झाला होता. गेल्या आठवड्यात तिने आत्याकडून सराव करून घेतला होता. किरकोळ रक्कम आत्याने भाचीला पाठवली, पडद्यावर हिरवी खूण उमटली, आणि जरा वेळाने रक्कम परत आत्याच्या खात्यात दिसली. ती भाचीने आपल्या हाताने वेगळी परत पाठवली होती. आत्याच्या मनात मात्र पक्कं बसलं: गेलं, दिसलं, परत आलं. म्हणजे वीतभर उचल यातही आहे. शहाणी माणसं सगळीकडे सारखाच विचार करतात, असं वाटून तिला त्या साखळीविषयी पहिल्यांदा आदर वाटला होता.

दुपार कलायच्या आधी पेटी भरली. घंटा वाजली. भाची इतकी उसळली की खुर्ची मागे जाऊन कपाटावर आदळली. तेवढ्यात इंजिनिअर बाईंचा फोन आला आणि ऑफिसात नीट ऐकू येईना म्हणून ती फाटकाकडे पळाली. ऑफिसात उरली आत्या, आणि दारात मामा.

मामा म्हणजे यार्डातला सर्वांत जुना चालक. तो कुणाचाच मामा नव्हता. बोलायचाही मोजकंच, क्रेनच्या केबिनमध्ये आयुष्य गेल्यामुळे त्याला इशाऱ्यांची सवय. पडद्यावर मधोमध मोठा चौकोन आला होता आणि त्यात एकच शब्द: मान्य.

"वीतभर उचलून बघते," आत्या म्हणाली.

मामाने मान डोलवली. यात त्याला काही वावगं दिसलं नाही. उलट न बघता उचललं असतं, तर त्याने हात वर करून थांबवलं असतं.

आत्याने चष्मा सारखा केला आणि बोट टेकवलं. पडद्यावर एक गोल फिरायला लागला, आणि फिरतोय हे डोळ्यांना कळतंय तोच हिरवी खूण आली. आत्या पुढे वाकून वाचू लागली. आकडे ठीक दिसत होते. पैसा पलीकडे, क्रेन अलीकडे, दोर सरळ. तिने समाधानाने मान हलवली आणि खाली घ्यायचं बटण शोधू लागली. उजवीकडे नव्हतं. डावीकडेही नव्हतं. तिने पडदा वर सरकवला, खाली सरकवला. मामानेही येऊन पाहिलं आणि टेबलाच्या खालीसुद्धा एक नजर टाकली.

भाची धापा टाकत परत आली. इंजिनिअर बाई निघाल्या आहेत, आता घाई करायला हवी, असं ती म्हणत होती, आणि पडद्याकडे बघून वाक्य अर्ध्यातच राहिलं.

"आत्या. तू दाबलंस?"

"नुसतं वीतभर. आता ठेवायचं कसं ते सांग."

"काय ठेवायचं?"

"खाली. रिंग बघायची आहे अजून. तीन दिवस आहेत ना?"

भाचीच्या चेहऱ्यावर एकामागून एक इतके भाव आले की आत्याला वाटलं हिला चक्कर येणार. मग भाची हसायला लागली. आधी हळू, मग पोट धरून, मग भिंतीला टेकून. "अगं, तीन दिवस संपले," ती म्हणाली. "तू बोट उचललंस त्याच्या आत संपले. थोरली आपली झाली."

आत्या खाली बसली. आयुष्यात पहिल्यांदा तिने एखादी गोष्ट घेतली होती आणि ती परत ठेवता येत नव्हती. तिच्या डोळ्यांपुढे तडा गेलेली रिंग आली, मग कुंपणाशी उभे दंतवैद्य, शिंपी, गाण्याच्या बाई, कंडक्टरची बायको. हे सगळे आता त्या तड्याचे भागीदार होते, तिच्या एका बोटाने. छातीत धडधडत होतं. आणि गंमत म्हणजे ती धडधड वाईट नव्हती. पहिल्यांदा केबिनमध्ये बसून दांडा ओढला होता, तेव्हाची तिला आठवली.

मामा खिडकीशी गेला होता. त्याने बाहेर बघत शांतपणे सांगितलं, "समोर फिटर चढलाय. मोटरीवर."

आत्या उठली. चप्पल घालायला ती थांबली नाही, आणि हे यार्डात सगळ्यांनी पाहिलं. गेल्या कित्येक वर्षांत तिने तो रस्ता ओलांडला नव्हता. आता ट्रकच्या तोंडासमोर हात उभा करून ती निघाली, आणि ट्रकवाला एवढा दचकला की मागे बसची रांग लागली. पाठोपाठ भाची, मामा, तीन चालक, चहाची किटली घेतलेला माणूस. कुंपणाशी उभे असलेले तुकडेवाले काय झालं हे न विचारताच त्यांच्यामागे निघाले. आपली मालमत्ता जिकडे जाईल तिकडे आपण, एवढं त्यांना कळत होतं.

समोरचे थोरलीच्या सावलीत खुर्ची टाकून बसले होते. फोन मांडीवर पालथा पडलेला. वर दोर गुंडाळणाऱ्या मोटरीशी फिटर पाना घेऊन बसला होता. तिचा एक बोल्ट त्याने काढून खिशात टाकलाही होता.

"या बाई," समोरचे म्हणाले. आवाजात नेहमीचा मध. "अचानक कशा? मोटर जरा साफ करून देतोय. तुमचा निर्णय व्हायला तीन-चार दिवस आहेतच."

"फोन सुलटा करा शेठ," आत्या म्हणाली.

त्यांनी केला. वाचला. पुन्हा पालथा घातला, जणू तसा ठेवल्याने आतला आकडा परत जाईल. मग सुलटा करून पुन्हा वाचला. पैसा आला होता. सगळा, एकरकमी, आणि खर्चता येईल असा. बड्या कंपनीचा बँकेत वाटेवरच होता. समोरच्यांच्या तोंडाचा मध हळूहळू पातळ झाला आणि खरं बाहेर आलं. आत्याची बोली त्यांना कंपनीला दाखवायला हवी होती, भाव चढवायला. सकाळी न बघता 'मान्य' दिलं ते त्याच भरवशावर.

"तुम्ही कधी चटकन हो म्हणाला आहात का, बाई?" ते म्हणाले. त्यांचा आवाज खरोखर दुखावलेला होता. "सगळं गाव तुम्हाला थांबा म्हणतं. माणसाने कशावर विश्वास ठेवायचा?"

"मलाच कुठे ठाऊक होतं," आत्या म्हणाली. एवढं खरं ती त्यांच्याशी यापूर्वी कधी बोलली नव्हती.

वर फिटर पाना धरून खाली-वर बघत होता. भाचीने त्याला हाक मारली. दोन्ही बाजूंनी मान्य झालं त्या क्षणी या क्रेनवर जे काही होतं, ते यादीसकट नवीन मालकांचं झालं आहे, असं तिने सांगितलं. नवा दोर, मोटर, हुक, सगळं. "आणि खिशातला बोल्ट परत लावा काका. थोरलीवरचा डॉक्टरांचा बोल्ट तोच आहे."

गर्दीतून दंतवैद्य दोन पावलं पुढे आले. फिटरने त्यांच्याकडे पाहिलं, खिशात हात घातला, आणि निमूटपणे बोल्ट जागेवर बसवू लागला. दंतवैद्यांनी मान तिरकी करून तो नीट घट्ट होतोय ना, हे शेवटच्या आट्यापर्यंत बघितलं.

आत्याचं लक्ष त्यात नव्हतं. ती रिंगेकडे बघत होती. खालून ग्रीसने काळी पडलेली ती चकती, आत काय आहे ते दाखवत नव्हती.

"तडा कुठे आहे, शेठ?"

"कसला तडा?"

"रिंगेला. तीन माणसांनी सांगितलं मला."

समोरचे खुर्चीतून उठले. पैसा हातात आल्याने म्हणा किंवा इतक्या वर्षांचं साठलेलं म्हणा, त्यांचे कान लाल झाले. "त्या तीन माणसांना कुणी सांगितलं? तुम्हीच उठवलंत ते. या क्रेनची गिऱ्हाइकं तोडायला. मी तेव्हापासून निस्तरतोय."

भाचीने आत्याकडे बघितलं. आत्या आठवत होती, आणि आठवलं तसं तिच्या ओठांचा एक कोपरा हलला.

"आवाज येतो, एवढंच म्हटलं होतं मी," ती म्हणाली. "तडा लोकांनी पाडला."

"आवाज येतोच," समोरचे पुटपुटले. "नवी होती तेव्हाही यायचा."

एवढ्यात फाटकाशी गाडी थांबली आणि डोक्यावर शिरस्त्राण चढवत इंजिनिअर बाई उतरल्या. त्यांनी फोनवर नोंदणी पाहिली, मालक कोण ते वाचलं, गर्दीकडे पाहिलं, पुन्हा वाचलं. एवढे सगळे? भाचीने हो म्हटलं. बाई म्हणाल्या, नाव बरोबर आहे. आता उचलून दाखवा. यार्डाच्या कोपऱ्यात काँक्रीटचे ठोकळे रचलेले होते, पुलाच्या तुळईच्या तोडीचं वजन होईल एवढे. बाईंनी तिकडे बोट केलं.

मामा केबिनमध्ये चढला. इंजिन एकदा खोकललं, दुसऱ्यांदा खाकरलं, आणि मग असं सुरू झालं की पायांखालची जमीन बोलू लागली. चालकांनी ठोकळ्यांना साखळ्या अडकवल्या. भाचीने तुकडेवाल्यांना मागे लोटलं. ते दर वेळी एक पाऊल मागे गेले आणि दीड पाऊल पुढे आले. आत्या वजनासमोर अनवाणी उभी राहिली आणि तिने हात वर केला. इशारे द्यायचं काम तिने कधीच सोडलं होतं, पण आज तिला कुणी विचारलंही नाही.

बोट गोल फिरलं. दोर ताणला गेला. ठोकळे हलले, जमिनीवरून सुटले, वीतभर वर आले. आत्याने मूठ वळली. थांब.

सगळं यार्ड थांबलं. दोर सरळ होता. पट्टे जमिनीत रुतत नव्हते. मोटरीचे चारही बोल्ट जागेवर होते, आणि दंतवैद्य श्वास रोखून त्यातला एक सांभाळत होते. आता फिरवायचं. आत्याने हात आडवा केला, मामाने दांडा ढकलला, आणि थोरलीचं धड वळू लागलं.

रिंग कण्हली. लांबलचक, खोल, पोटातून. शिंप्याने डोळे मिटले. इंजिनिअर बाईंचा हात शिरस्त्राणाकडे गेला. समोरच्यांनी खुर्चीची पाठ धरली. आत्याने मात्र मान कलती केली आणि ऐकलं. सबंध आयुष्य तिने वजनं वीतभर उचलून हेच ऐकण्यात घालवलं होतं. तुटणारं लोखंड वेगळं बोलतं. ते टक्‌ करतं आणि मध्येच गप्प होतं. हे तसं नव्हतं. हा आवाज एकसारखा होता, झोपेतून उठवलेल्या म्हाताऱ्यासारखा कुरकुरणारा, आणि अर्धं वळण झालं तसा तो बारीक होत होत विरून गेला. धड पूर्ण फिरलं. ठोकळे हवेत तसेच, पाण्याने भरलेल्या घागरीसारखे स्थिर.

मामाने केबिनमधून खाली बघितलं. रीतीप्रमाणे आता खाली ठेवायचं होतं. त्याने पंजा खाली करून विचारलं: ठेवू?

आत्याने भाचीकडे पाहिलं. मग कुंपणाशी, खुर्चीशी, पत्र्याच्या पिंपांवर चढून उभ्या असलेल्या सगळ्या मालकांकडे. गाण्याच्या बाई फोनवर चित्रीकरण करत होत्या आणि स्वतःच मध्ये येत होत्या.

"वर," ती म्हणाली, आणि बोट आकाशाकडे करून गरगर फिरवलं.

ठोकळे चढले. डोक्याच्या वर, छपराच्या वर, रस्त्यावर खोळंबलेल्या बसमधल्या लोकांनी माना बाहेर काढून पाहिलं त्याच्याही वर. थोरलीची लांब मान सरळ उभी राहिली आणि तिच्या टोकाला ते सारं वजन ऊन खात लटकलं. कुणीतरी टाळी वाजवली, मग कुणी थांबेचना. कंडक्टर आपली बस रस्त्यात सोडून आला होता. त्याला बायकोने परत हाकललं. इंजिनिअर बाईंनी बराच वेळ वर पाहिलं, रिंगेला भरपूर ग्रीस घालायला सांगितलं, आणि उद्या सकाळी नदीवर या म्हणाल्या. एवढंच. पण चालकांपैकी एकाने तेवढ्यावर दुसऱ्याला उचलून घेतलं, तेही वीतभर न बघता.

गर्दी पांगायला लागली तेव्हा समोरचे आत्याजवळ येऊन उभे राहिले. ते मध्ये मध्ये फोन उघडून पैसे आहेत ना बघत होते, आणि दर वेळी असल्याचं पाहून त्यांना नवलच वाटत होतं. दोघं काही वेळ वर बघत राहिले. एवढी वर्षं या क्रेनवर बसून आपण हिला कधी खालून नीट पाहिलंच नाही, असं ते म्हणाले. मग घसा साफ केला.

"एखादा तुकडा शिल्लक आहे का, बाई?"

आत्याच्या ओठांवर तो जुना शब्द आला. तिने तो तिथेच धरला, वीतभर वर, आणि भाचीकडे बघितलं. भाचीने फोन पुढे केला. कंडक्टरच्या बायकोने आपले तुकडे मोटरीतले आहेत असं धरलं होतं, पण तिला केबिन जास्त आवडली, म्हणून तिने थोडे तुकडे पुन्हा विक्रीला ठेवले होते. समोरच्यांनी बोट टेकवलं. हिरवी खूण आली. ते दचकून हात मागे घेऊन म्हणाले, झालंसुद्धा? झालं, भाची म्हणाली.

"मग माझा कुठला?" समोरच्यांनी वर बघत विचारलं. दंतवैद्यांचा रोग त्यांना लागला होता.

मामा वजन खाली आणत होता. धड वळलं, आणि रिंग पुन्हा एकदा पोटातून कण्हली.

"तो," आत्या म्हणाली. "आवाज. तो मूळ मालकाकडेच राहिलेला बरा."

आणि चपला आणायला ती रस्ता ओलांडून गेली, या वेळी दोन्हीकडे बघून.